राक्षसाचं बटण

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि आपल्या संस्थेच्या संचालक बाई, प्रमुख पाहुण्या म्हणून आलेल्या बाल-वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई, मधल्या खुर्चीत नाइलाजानं बसलेल्या आपल्या सत्कारमूर्ती ताई, पहिल्या रांगेतले त्यांचे यजमान, चित्र, रंग, कॅमेरा, ध्वनी आणि संगणक या विभागांतले माझे जुने-नवे सहकारी, आणि पुढे खुर्च्या रिकाम्या असूनही मागच्या भिंतीला टेकून उभे राहिलेले मित्रहो,

सूत्रसंचालकांनी मघाशी माझ्या कानात सांगितलं, "दहा-पंधरा मिनिटं, सर. मग फिल्म आहे, आणि मग चहा." मी मान हलवली. या संस्थेत मी पटकथा लिहीत होतो. दुसऱ्यानं ठरवलेल्या वेळेत आपलं म्हणणं बसवण्यात माझी सगळी नोकरी गेली, त्यामुळे घड्याळाचं मला भय नाही. भय आहे ते ताईंचं. काल त्यांचा फोन आला होता. म्हणाल्या, "बाबांची गोष्ट सांगायची तर सांगा. पण लोकांना रडवू नका. रडलेली माणसं चहा पीत नाहीत, आणि तो फुकट जातो." मी तसा शब्द दिला आहे. तरी कुणाला भरून आलंच, तर ती जबाबदारी ज्याची त्यानं घ्यावी.

आणखी एक. ताई इथं नोकरीला लागल्या तेव्हा मी त्यांना 'अगं' म्हणायचो. आज समारंभ आहे, म्हणून 'ताई' आणि 'त्या'. बोलण्याच्या ओघात मध्येच 'ती' निघून गेलं, तर अध्यक्षांनी मला टोकू नये.

आता मुद्द्याचं बोलतो. हा समारंभ खरं तर गेल्या महिन्यात व्हायचा होता. पत्रिका वाटून झाल्या होत्या, पुष्पगुच्छ सांगून झाला होता, आणि अचानक सूचनाफलकावर कागद लागला की समारंभ पुढे ढकलला आहे. कारण दिलेलं नव्हतं. कारण दिलं नाही की लोक आपापली तयार करतात. कुणी म्हणालं, ताई आजारी आहेत. कुणी म्हणालं, वर काहीतरी बिनसलंय. जिन्यात मला एकानं गाठून हळूच विचारलं, "खरं सांगा, त्या निवृत्त व्हायलाच तयार नाहीत ना?"

खरं कारण होतं एक बटण. एका राक्षसाच्या कोटाचं. आपल्या जुन्या फिल्मच्या नव्या प्रतीत ते बटण दुरुस्त झालं होतं, आणि ते पुन्हा नादुरुस्त होईपर्यंत मी निरोप घेणार नाही, असं ताईंनी संचालक बाईंना स्वच्छ शब्दांत कळवलं होतं. एवढ्याशा बटणासाठी ताईंनी अख्खा समारंभ अडवला, हे ज्यांना हटवादीपणाचं वाटलं, त्यांच्यासाठी मी आज उभा आहे. तो हटवादीपणा होताच. तो कुठून आला, एवढंच मला सांगायचं आहे.

नव्या मंडळींना कल्पना नसेल, पण तेव्हा या इमारतीत संगणक नव्हता. खालून दिवा लावलेली काचेची तिरकी टेबलं होती, कागद होते, आणि पारदर्शक ताव होते. त्यांना आम्ही 'सेल' म्हणायचो. कागदावर पेन्सिलीनं चित्र काढायचं, ते सेलवर शाईनं गिरवायचं, मागच्या बाजूनं रंग भरायचा, खाली डोंगर-झाडांचा रंगवलेला पट सरकवायचा आणि वरून कॅमेऱ्यानं टिपायचं. मग पुढचं चित्र. मग त्याच्या पुढचं. दिवसभर राबून पडद्यावर एक माणूस खुर्चीतून उठायचा, तोही धड उभा राहायचा नाही. सेल महाग होते. म्हणून काम झालं की ते टबात टाकायचे, धुवायचे, पुसायचे आणि पुढच्या फिल्मला वापरायचे. आज ज्या चित्रांना आपण चौकटीत लावून खालच्या दालनात टांगतो, ती तेव्हा आम्ही साबणाच्या पाण्यात बुडवत होतो. कुणालाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. भांडी जेवणानंतर धुतातच ना?

आणि प्रत्येक चित्रकाराच्या टेबलावर एक छोटा आरसा असायचा. ज्याचं चित्र काढायचं, त्याचा चेहरा आधी स्वतः करून बघायचा. ताई दिवसभर त्या आरशात भुवया चढवायच्या, दात विचकायच्या, जबडा पुढे काढायच्या. त्यांचे यजमान लग्न ठरायच्या आधी त्यांना भेटायला पहिल्यांदा इथं आले, तेव्हा दारातून त्यांनी हे बघितलं आणि ते तसेच मागे फिरले. मी त्यांना जिन्यात अडवून विचारलं, "काय झालं?" ते म्हणाले, "काही नाही. त्यांची तब्येत बरी दिसत नाही, नंतर येतो." नंतर ते आले, हे आपलं सगळ्यांचं नशीब. ते आत्ता मान हलवत आहेत, पण गोष्ट खरी आहे.

ज्या फिल्मनं या संस्थेला ओळख दिली, तिचं नाव 'विस्तवाची गोष्ट'. छोटीशी फिल्म, आजीनं नातवंडांना सांगावी तशी परीकथा. एका गावातला सगळा विस्तव विझतो. नदीपलीकडे एक राक्षस राहतो, विस्तव उरलाय तो फक्त त्याच्या चुलीत. एक धीट मुलगी मडकं घेऊन जाते, झोपलेल्या राक्षसाच्या चुलीतले निखारे भरते आणि पळते. राक्षस जागा होतो, तिच्या मागे लागतो. लाकडी पुलावरून मुलगी पलीकडे निघून जाते, राक्षस जड म्हणून पूल मोडतो आणि तो नदीत कोसळतो. गावात चुली पेटतात. समाप्त. पहिला खेळ बाल-वाचनालयातच व्हायचा होता, त्यामुळे त्यांच्या मंडळानं ही गोष्ट मंजूर केलेली होती आणि पटकथेवर त्यांचा शिक्का होता. म्हणजे माझ्या दृष्टीनं राक्षस अधिकृतपणे बुडालेला होता.

दिग्दर्शकांना आम्ही कालसाहेब म्हणायचो. समोर कधीच नाही. कारण कुठलंही काम कधी हवं असं विचारलं की ते म्हणायचे, "काल." माणूस वाईट नव्हता, फक्त त्याच्या पंचांगात उद्या नव्हता.

कालसाहेबांनी कामं वाटली. मुलगी दिली जुन्या, मुरलेल्या चित्रकारांना. राक्षस दिला नव्या मुलीला, म्हणजे आमच्या ताईला. राक्षस म्हणजे ओबडधोबड काम, चुकलं तरी चालतं, असा त्यामागचा विचार. तिनं तक्रार केली नाही. काही दिवस ती या मजल्यावरच्या लांब व्हरांड्यात येरझाऱ्या घालताना दिसायची. उजवा पाय गुडघ्यात न वाकवता, बाहेरून अर्धगोल फिरवत पुढे टाकायची. त्याच वेळी डावा खांदा खाली जायचा आणि मान किंचित वर यायची. जाणाऱ्या-येणाऱ्यांना वाटायचं, पायाला मुंग्या आल्या असतील.

मग एके दिवशी राक्षसाच्या चालीची पेन्सिलीतली चित्रं टिपून आली आणि आम्ही ती अंधाऱ्या खोलीत पाहिली. तुम्हाला काय सांगू? रंग नाही, पार्श्वभूमी नाही, नुसत्या रेघा. पण तो आला. इतका जड माणूस मी पडद्यावर पाहिलेला नव्हता. सगळी खोली हसली. त्या हसण्यात भीतीही होती, आणि तीच तर हवी होती. पुढे पूल मोडला, तो कोसळला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. कालसाहेब चक्क म्हणाले, "हे आजच झालं तरी चालेल."

फक्त ती हसली नाही, आणि टाळ्यांच्या वेळी ती खोलीत नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून ती माझ्या मागे लागली. "शेवट बदला." मी म्हणालो, "अगं, शिक्का बसलाय." ती म्हणाली, "शिक्का माणसानंच मारलाय ना?" मी कारण विचारलं तर सांगेना. मी त्या वेळी दोन फिल्मच्या तारखांखाली दबलेला, मला वाटलं नवी नवी आहे, होईल शांत. ती शांत झाली नाही. ती रजेवर गेली. मग कालसाहेबांनी मला पिटाळलं, "घरी जा आणि तिला घेऊन या. काल."

मी पत्ता शोधत गेलो. अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना पायऱ्या, पायऱ्यांवर मुलं. मी एका दाराची कडी वाजवली. आतून कुणीतरी यायला लागलं. दाराला काच होती, जाड, धूसर. त्या काचेतून एक मोठी आकृती येताना दिसली. उजवा पाय बाहेरून अर्धगोल फिरला, डावा खांदा खाली गेला, मान वर आली. मित्रहो, मी ती गोष्ट स्वतः लिहिली होती, तरी मी एक पाऊल मागे सरलो. दार उघडायला राक्षस येत होता.

दारात उभे राहिले ते ताईंचे बाबा. बेकरीत भट्टीवर काम केलेला माणूस. भलामोठा देह, हातांवर जुने भाजल्याचे डाग, आवाज मात्र मऊ. पावांचे ट्रे ठेवायची लोखंडी मांडणी गुडघ्यावर पडली, तेव्हापासून पाय वाकत नव्हता. काम सुटलं होतं. आणि गल्लीतली मुलं रांगेनं मागे लागून त्यांच्यासारखं चालायला लागली, तेव्हापासून त्यांनी बाहेर पडणंही सोडलं होतं. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मी नुसता बघत होतो.

"या, या. लेखक ना तुम्ही?" ते म्हणाले. "पोरगी सांगते तुमच्याबद्दल. तुमच्या गोष्टीत राक्षस आहे म्हणे."

"आहे."

"पोरगीच काढतेय म्हणे त्याला."

"हो. फार छान काढलाय."

"मग काय होतं त्याचं शेवटी?"

त्यांच्या मागे, स्वयंपाकघराच्या दारात ती उभी होती. हातात पाण्याचा पेला. ती माझ्याकडे बघत होती. आणि ज्याच्या शेवटावर शिक्का बसलेला होता असा मी म्हणालो, "शेवट अजून लिहायचाय."

"बरं," बाबा म्हणाले. "सावकाश लिहा. पोरांची गोष्ट आहे."

परत निघालो तेव्हा ती कोपऱ्यापर्यंत सोडायला आली. मी म्हणालो, "अगं, हे काय करून बसलीस?"

"मी ठरवून नाही केलं. जड माणूस काढायला बसले आणि तेच आले. मला दुसरा जड माणूस माहीतच नाही."

"मग चाल बदल. अजून प्रत गेलेली नाही."

"चाल नाही बदलणार."

"का?"

"चांगली आहे म्हणून. तुम्ही सगळ्यांनी बघितलीत की. चाल चांगली आहे, शेवट वाईट आहे. मग चाल का बदलायची?" आणि मग पायऱ्यांवरच्या मुलांकडे बघत म्हणाली, "ही सगळी वाचनालयात येणार. बाबांना मीच नेणार आहे, मला कबूल केलंय त्यांनी. ही पोरं बाबांना नदीत पडताना बघणार आणि टाळ्या वाजवणार. ते मी होऊ देणार नाही."

बघा, तिनं असं म्हटलं नाही की काय करू, मला काही सुचत नाही. तिनं म्हटलं, होऊ देणार नाही. दुसऱ्या दिवशी ती कामावर हजर झाली आणि थेट कालसाहेबांच्या टेबलासमोर उभी राहिली.

"साहेब, राक्षस नदीतून बाहेर यायला हवा."

"कशाला?"

"गोष्टीत तो पडतो असं आहे. मेला असं कुठं आहे?"

कालसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पटकथा उघडून पाहिली. खरंच नव्हतं. माझी भाषा आटोपशीर, हा माझा गुण त्या दिवशी उपयोगी पडला.

"हे बघ," कालसाहेब म्हणाले, "प्रत ठरल्या दिवशी जायलाच हवी. फिल्मची लांबी ठरलेली आहे. तुला नवीन चित्र एकही मिळणार नाही, आणि लांबीतला एक क्षणही मिळणार नाही. बोल आता."

"एकही चित्र नको," ती म्हणाली. "एक क्षणही नको. चालेल?"

"चालेल," ते म्हणाले. त्यांना वाटलं, विषय संपला.

ती माझ्या टेबलाशी आली. "लेखक, शेवटी 'समाप्त' किती वेळ दिसतं?"

"वाचून होईपर्यंत."

"लहान मुलांना वाचायला वेळ लागतो ना?"

"लागतो की."

"म्हणजे तेवढा वेळ मागे काहीही चाललं तरी लांबी वाढत नाही."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चालीचं एक तंत्र असतं, ते सांगायला हवं. माणूस चालताना प्रत्येक पावलाला नवीन चित्रं काढत नाहीत. दोन पावलांची चित्रं काढतात आणि तीच पुन्हा पुन्हा टिपतात, खालचा पट तेवढा सरकवतात. म्हणजे राक्षसाच्या चालीचे सेल पहिल्या दृश्यासाठी तयार होतेच. फिल्मच्या सुरुवातीला नावांच्या मागे दिसणारा डोंगराचा लांब पटही रंगवलेला होता. तो डोंगर, ती चाल, वर 'समाप्त'. नवीन चित्र एकही नाही. पण तो नदीतून बाहेर आलेला असणार आणि घराकडे चाललेला असणार.

ती धावतच रंगविभागाकडे गेली. मीही मागोमाग. आणि तिथं आम्ही पाहिलं की रंगविभागाच्या मावशी बाह्या सरसावून टबाशी बसल्या आहेत. पहिली दृश्यं टिपून झाली होती, साबणाच्या जाहिरातीला सेल कमी पडत होते, म्हणून मावशींनी धुणं काढलं होतं. झोपडी धुऊन झाली होती. झाडं धुऊन झाली होती. मावशींच्या हातात राक्षस होता.

"मावशी, थांबा."

"आता काय? तुझाच आहे. वापरून झाला ना?"

"नाही झाला."

मावशींनी हात वर केला. गठ्ठा अजून टबाबाहेर होता, फक्त सगळ्यात वरच्या सेलवर मावशींची साबणाची बोटं एकदा फिरली होती. तिनं तो उचलून उजेडात धरला. सगळा राक्षस शाबूत होता. कोटाचं मधलं पितळी बटण मात्र शाईसकट निघून गेलं होतं.

मावशींचा चेहरा पडला. "दे इकडे. लगेच रंगवते."

पण कॅमेरेवाले काका दारात उभे होते. दुपारी प्रयोगशाळेची गाडी यायची होती. "रंगवा," ते म्हणाले, "पण ओला सेल माझ्या काचेखाली येणार नाही. काच दाबली की रंग पसरेल, आणि बटणाची सगळ्या कोटावर पोळी होईल. वाळेपर्यंत गाडी निघून गेलेली असेल. काय ते ठरवा."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. आणि तिनं ठरवलं. म्हणाली, "नदीत पडून आलाय. एखादं बटण सैल होणारच. घ्या."

आता चालीतल्या एका सेलवर बटण नाही आणि बाकीच्यांवर आहे, तर पडद्यावर काय होईल? प्रत्येक वेळी उजवा पाय फिरला की बटण गायब, पाऊल टेकलं की बटण हजर. कालसाहेबांनी प्रत पाहिली. 'समाप्त' आलं, त्याच्या मागून डोंगराच्या कडेनं राक्षस चालत निघाला. ते खुर्चीत सरसावून बसले.

"हा कुठून आला?"

"पहिल्या दृश्यातून, साहेब. नवीन चित्र एकही नाही."

"आणि त्याचं बटण?"

"नदीत सैल झालं."

 ते उठले आणि जाता जाता म्हणाले, "पाठवून द्या. काल जायला हवी होती." परवानगीचा याहून सुंदर शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही.

वाचनालयातला पहिला खेळ आपल्या प्रमुख पाहुण्यांना आठवत असेल. तेव्हा त्या तिथं नव्यानं लागल्या होत्या आणि पडदा त्यांनीच ताणून बांधला होता. बाबा शेवटच्या रांगेत, कडेच्या खुर्चीत, पाय मोकळा सोडून बसले होते. त्यांच्या शेजारी ती आणि तिच्या मागे मी उभा. पुढच्या सतरंजीवर गल्लीतली झाडून सगळी पोरं. राक्षस पहिल्यांदा चालत आला तेव्हा पोरांमध्ये खुसखुस झाली, एक-दोन माना मागे वळल्या. ती खुर्चीचा दांडा धरून बसली होती. बाबा हलले नाहीत. पूल मोडला, राक्षस पडला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. हो, वाजवल्याच. त्या टाळ्या चालू असतानाच 'समाप्त' आलं, आणि त्याच्या मागून तो निघाला.

टाळ्या थांबल्या. एक बारीक आवाज आला, "अरे, त्याचं बटण गेलं." दुसरा म्हणाला, "आलं की." "गेलं." "आलं." आणि बघता बघता सगळी सतरंजी एका तालात म्हणायला लागली, "गेलं. आलं. गेलं. आलं." राक्षस डोंगराच्या कडेनं घरी चालला होता आणि पोरं त्याच्या पावलापावलाला साथ देत होती. ग्रंथपाल बाईंनी दिवे लावले तेव्हा पोरं ओरडली की नको, तो अजून पोचला नाही.

 पायऱ्या उतरताना बाबा म्हणाले, "एवढा नाही गं ओढत मी पाय."

ती म्हणाली, "पडद्यावर जास्त दिसतो."

"असेल," बाबा म्हणाले. इतकंच.

यापुढचं मी ऐकलेलं नाही, पाहिलेलं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी पुढच्या फिल्मच्या तारखा घेऊन मी त्यांच्या घरी गेलो होतो. दारात पोरं उभी. मी पायऱ्यांशीच थांबलो. कडी वाजवून त्यांनी हाका मारल्या. बाबा काचेमागून आले, दार उघडलं. सगळ्यांत पुढची मुलगी म्हणाली, "आजोबा, कोट घाला ना."

"कशाला?"

"बटण बघायचंय."

बाबांनी ताईकडे पाहिलं. मग खुंटीवरचा जुना जाड कोट काढला, घातला, सगळी बटणं लावली. पोरांनी अगदी जवळ येऊन बघितलं आणि त्यांचे चेहरे उतरले. "हे तर जातच नाही."

बाबांनी खाली बटणाकडे पाहिलं. विचार केला. मग अंगठा मधल्या बटणावर ठेवला आणि म्हणाले, "चालल्याशिवाय जात नाही ते."

आणि ते पायरी उतरले. भर सकाळी, लख्ख उजेडात. उजवा पाय बाहेरून फिरला की अंगठ्यानं बटण झाकायचं, पाऊल टेकलं की अंगठा काढायचा. मागे पोरांची रांग. चाल तीच, खांदा तसाच खाली, प्रत्येकाचा अंगठा आपापल्या बटणावर. ज्याला बटण नव्हतं त्यानं पोटावर ठेवलेला. "गेलं. आलं. गेलं. आलं." गल्लीच्या टोकाला त्यांची जुनी बेकरी होती. तिथपर्यंत ते गेले, आतल्या माणसाशी दोन शब्द बोलले, आणि परत आले. त्यानंतर ते रोज जायचे. पुढे बरीच वर्षं. ताईला मी विचारलं, "आता तरी शांत झालीस?" ती म्हणाली, "तारखा द्या." आणि कामाला लागली.

आता गेल्या महिन्याकडे येतो. आपल्या संगणक विभागानं 'विस्तवाची गोष्ट'ची नवी प्रत केली. फार मेहनतीनं केली, हे मी मनापासून सांगतो. धूळ काढली, चरे काढले, उडालेले रंग परत आणले. ताईंना बोलावून दाखवली. 'समाप्त' आलं, राक्षस चालायला लागला, आणि बटण जागच्या जागी. शेजारच्या चित्रातलं बटण उचलून त्यांनी तिथं बसवलं होतं. विभागप्रमुख मुलगी आनंदानं म्हणाली, "ताई, इतकी वर्षं राहिलेली चूक होती. काढून टाकली."

"चूक आहे, ठाऊक आहे मला," ताई म्हणाल्या. "माझ्यासमोर झाली. परत घाला."

"पण का?"

"ते लेखक निरोप समारंभात सांगतील. पण बटण गेल्याशिवाय समारंभ होणार नाही."

यात गंमत अशी की कारण कळायला समारंभ हवा, आणि समारंभ व्हायला बटण जायला हवं. स्वच्छ केलेल्या प्रती बाहेरच्या वाचनालयांकडे रवाना झाल्या होत्या. त्या परत मागवायच्या म्हणजे संस्थेची नाचक्की, असं काहींचं म्हणणं पडलं. संचालक बाईंची अडचण मी समजू शकतो. आपण दुरुस्त केलेलं काम परत बिघडवलं, हे लोकांना कोणत्या तोंडानं सांगायचं? ताईंनी वाद घातला नाही. रोज सकाळी वेळेवर यायच्या, संगणक विभागाच्या दाराशी खुर्ची टाकून बसायच्या, संध्याकाळी वेळेवर जायच्या. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "बटणाची वाट बघतेय." शेवटी संचालक बाईंनी प्रती परत मागवल्या. जाहीर समारंभात त्यांचं कौतुक करायची ही संधी मी सोडणार नाही. बाई, चूक दुरुस्त करण्याचे आदेश पुष्कळ जण देतात. चूक सांभाळून ठेवण्याचा आदेश द्यायला जास्त धैर्य लागतं.

बाबा आज आपल्यात नाहीत. त्यांचा तो जाड कोट ताईंच्या घरी खुंटीवर आहे, आणि ताईंची नात तो घालून घरभर त्याच चालीनं फिरते, असं यजमानांकडून समजतं. तिला पाय आखडण्याचं काही कारण नाही. तिला ती चाल आवडते. ताईंना उद्यापासून काय करणार असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "वाचनालयात पोरांना चालवायला शिकवणार. चित्रातल्या माणसांना." म्हणजे ग्रंथपाल बाई, आपल्याकडे आजवर फक्त राक्षस आला होता, आता राक्षसताई येत आहेत. सांभाळून घ्या. त्या शेवट बदलायला लावतात.

माझी वेळ संपली आहे, सूत्रसंचालक दोनदा खोकले. मला बोलावल्याबद्दल अध्यक्षांचे, शांतपणे ऐकल्याबद्दल तुम्हा सगळ्यांचे, आणि ते बटण स्वतःच्या हातानं पुन्हा काढणाऱ्या संगणक विभागाचे मी मनापासून आभार मानतो. आता दिवे मालवतील. एकच विनंती करतो. 'समाप्त' दिसलं की उठण्याची आपल्याला सवय असते. आज उठू नका. तो घरी पोचेपर्यंत बसा.

आणि माझ्या बोलण्यात एखादं नाव राहून गेलं असेल, कुठे कमी-जास्त शब्द गेला असेल, तर मोठ्या मनानं तो तसाच असू द्या. दुरुस्त मात्र करू नका, ताई बघत आहेत.